माप खांद्याचं, मोकळीक कापडाची

उन्हाळ्यासाठी ढगळ फ्रॉक शिवायचा म्हणजे नेहमीच्या मापात सगळीकडून दोन-दोन इंच वाढवायचे, असं अनेकींना वाटतं. तसा शिवलेला फ्रॉक दुसऱ्या कुणाचा तरी मागून आणल्यासारखा दिसतो. खांद्याची शिलाई दंडावर उतरते, गळा एका बाजूला घसरतो, वाकलं की एक हात छातीशी न्यावा लागतो. दिवसभर कपडा सावरत बसायचं तर मोकळेपणा कसला!

ढगळ कपड्याचा खांदा आणि गळा ब्लाउजइतकाच मापात हवा. सगळी सैलाई काखेच्या खाली द्यायची. खांदा नीट बसला, की खालचा घेर कितीही मोठा असो, तो अंगाभोवती हलता राहतो आणि तरी जागचा सुटत नाही. आणि हा घेर किती द्यायचा, हे छातीच्या मापापेक्षा कापडावर जास्त ठरतं. एकाच कागदी बेतावरून मलमल, केंब्रिक, लिनन आणि रेयॉनचे चार फ्रॉक कापून बघा. मलमलीचा अंगावर तरंगेल, केंब्रिकचा नीटनेटका बसेल, लिननचा अंगापासून फटकून उभा राहील आणि रेयॉनचा चार धुण्यांत दोन बोटं लांब झालेला असेल. म्हणून आधी एक साधा बेत सांगते, आणि मग कापडाप्रमाणे त्यात काय काय बदलायचं ते.

त्याआधी हवेबद्दल थोडं. सैल कपड्यात गार वाटतं ते मुख्यतः आतली हवा बदलती राहिल्यामुळे. अंगाजवळची गरम, ओली हवा वर चढून गळ्यातून बाहेर पडते, खालून नवी येते आणि चालताना घेर भात्यासारखा हलून हे काम वाढवतो. वाळवंटातले बेदुईन लोक भर उन्हात काळे, सैल झगे का घालतात, याचा अभ्यास 1980 साली ‘नेचर’ या नियतकालिकात आला होता. काळा झगा जास्त तापतो खरा, पण ती जादा उष्णता कातडीपर्यंत पोचत नाही. काळ्या आणि पांढऱ्या झग्यांत अंगाला लागणारी उष्णता सारखीच भरली. झगा सैल आणि वारा खेळता, हे त्याचं कारण. तेव्हा रंगाची फार चिंता करू नका. गळा अगदी गच्च बंद ठेवलात आणि खाली घेर आवळलात, तर मात्र पांढरीशुभ्र मलमलही उकडेल.

आपल्याकडे उन्हाळाही एकसारखा नाही. नागपूर-चंद्रपूरकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो, पण हवा कोरडी. घाम आला तसा उडून जातो. तिथे ऊन अंगावर न येणं महत्त्वाचं, म्हणून कोपराखाली जाणारी सैल बाही, पायघोळ उंची आणि जरा घट्ट विणीचं कापड, खादी किंवा केंब्रिक, चांगलं. मुंबईत, कोकणात, गोव्यात पारा कमी पण हवा दमट. तिथे जाड सुती कापड घाम पितं आणि मग दिवसभर ओलंच राहतं. तिथे पातळ मलमल किंवा वॉइल, आखूड बाही, पोटरीपर्यंत उंची. मुंबईच्या लोकलमध्ये जाड खादी घालून उभं राहण्यात मला तरी काही सुख दिसत नाही.

कापड घेताना

पुण्यात रविवार पेठेत किंवा मुंबईत मंगलदास मार्केटमध्ये गेलात, की प्रत्येक ताग्याला ‘प्युअर कॉटन’च म्हटलेलं ऐकू येईल. खात्री करायची तर कडेचे दोन-चार धागे मागून घ्या आणि घरी चिमट्यात धरून जाळून बघा. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि बोटाने चुरली जाणारी राखाडी राख राहते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. मिश्र कापडात राख आणि खडे दोन्ही सापडतात. रेयॉन मात्र या परीक्षेत सुतासारखंच जळतं, कारण तेही वनस्पतीपासूनच, लाकडाच्या लगद्यापासून, बनतं. ते ओळखायला धागा ओला करून ओढा. ओल्या सुताचा धागा अधिक चिवट होतो, ओल्या रेयॉनचा पटकन तुटतो. रेयॉन पिळून वाळत घालू नये म्हणतात, ते याचसाठी.

पॉलिएस्टरचं एवढं वावडं का, तर ते पाणी पितच नाही. नेहमीच्या हवेत सूत आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरतं, लिनन 12 टक्क्यांच्या आसपास, रेयॉन त्याहून थोडा जास्त. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. अंगातला घाम मग अंगावरच राहतो. हेच अस्तरालाही लागू आहे, आणि इथे बऱ्याच जणी फसतात. वरचं कापड हौसेने मलमल घेतात आणि टेलर आत क्रेपचं अस्तर लावून देतो. तुम्ही उन्हाळ्यासाठी सुती कापडाचे पैसे मोजले आणि कातडीला लागतंय पॉलिएस्टर! अस्तर सुतीच हवं, हे माप देतानाच बजावून सांगा. घरी शिवणार असाल तर प्रश्नच नाही.

आता किती घ्यायचं. छाती 36, उंची 44 इंच धरली, तर 44 पन्ह्याच्या कापडात पुढचा आणि मागचा भाग एकाखाली एक कापावा लागतो. कापायला अडीच मीटर लागतं, बाह्या बाजूच्या उरलेल्या पट्टीत बसतात. पण सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण तीन ते पाच टक्के आटतं, म्हणून पावणेतीन मीटर घ्या. 58 पन्ह्यात दोन्ही भाग शेजारीशेजारी बसतात, तिथे पावणेदोन मीटर पुरतं. 36 पन्ह्याची खादी असेल तर तीन मीटरच्या खाली जाऊ नका. छपाईला वर-खाली अशी दिशा असेल, म्हणजे झाडं, हत्ती, उभ्या वेली, तर तुकडे उलटसुलट लावता येत नाहीत. त्यासाठी अर्धा मीटर जास्त.

घरी आणल्यावर कातर लावण्याआधी कापड साध्या पाण्यात रात्रभर भिजवा, न पिळता सावलीत वाळवा आणि किंचित दमट असतानाच उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करा. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं सगळ्याच घरांत सांगतात. तयार रंगवलेल्या कापडाचा सुटणारा रंग मिठाने थांबत नाही. पाण्यात जादाचा रंग जायचा तो जातो, आणि तो जाईपर्यंत कापड वेगळं धुणं एवढाच उपाय. अजरख, बगरूसारख्या ठशांच्या कापडांना हे दोन-तीनदा करावं लागतं. ते न करता त्याला पांढरी पायपीन लावलीत, तर पहिल्याच धुण्यात ती गुलाबी किंवा निळसर झालेली दिसेल.

बेत

सगळी मापं 36 छातीला आणि साडेचौदा इंच खांद्याला धरून देते. तुमच्या मापाप्रमाणे बदला. मोठ्या कागदावर, जोडलेल्या वर्तमानपत्रांवरही चालेल, अर्धा भाग काढायचा. खांदा सव्वासात, त्याला पाऊण इंच उतार. गळ्याची अर्धी रुंदी 3 इंच, पुढची खोली 6, मागची दीड. ही तयार गळ्याची मापं. कापताना शिलाईचे दोन सूत, म्हणजे पाव इंच, आतल्या बाजूला सोडून कापा. असा गळा गोलाईत साडेबावीस इंचांच्या जवळपास भरतो आणि बहुतेकींचं डोकं त्यातून जातं. तरी स्वतःच्या डोक्याला कपाळावरून टेप लावून बघा. 23 भरलं तर पुढे तीन इंचांची चीर ठेवून बटण लावा. गळा रुंद करू नका. रुंदी सव्वातीनच्या वर गेली की खांदे घसरायला सुरुवात होते, आणि ढगळ कपड्यात घसरलेला खांदा सगळा घेर एका बाजूला ओढतो.

मुंढा बाही लावायची असेल तर सव्वाआठ इंच. बिनबाहीचा असेल तर साडेसातच ठेवा. काखेत हवा लागावी म्हणून खोल कापला तर आतले कपडे दिसतात. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा अर्धा इंच आत कोरा. छातीच्या रेषेवर 11 इंच, म्हणजे पूर्ण गोलाईत 44, छातीपेक्षा 8 जास्त. तिथून सरळ तिरपी रेष खाली घेराला, 14 इंचांवर. खालच्या टोकाला बाजूची शिलाई पाऊण इंच वर उचलून गोलाई द्या, नाहीतर दोन्ही बाजूंना कोपरे लोंबतात. कंबरेला काहीही आत घेऊ नका. सवयीने हात तिकडे वळतो, तो आवरा.

छाती 40 च्या पुढे असेल तर पुढचा भाग वर उचलला जातो आणि फ्रॉक पुढून आखूड दिसतो. काखेतून एक आडवा टक्स घ्या आणि पुढच्या भागाची बाजू तेवढीच लांब कापा. ढगळ कपड्याला टक्स कशाला, असं शिंपी म्हणेल. घ्यायला लावा.

बाहीसाठी एक जुनी युक्ती उन्हाळ्यात फार उपयोगी पडते. जुन्या पद्धतीच्या बंडीला, कुर्त्याला बगलेत चौकोनी तुकडा जोडत. बाही सरळ आयताकृती कापायची, मुंढा कोरायचाच नाही, आणि बगलेत चार इंचांचा चौकोन कर्णात लावायचा. हात वर केला तरी फ्रॉक वर ओढला जात नाही आणि काखेत कापड बोचत नाही. घामाने पहिलं फाटतं ते बगलेतच, आणि मग तो चौकोन तेवढा बदलता येतो.

मलमल

उन्हाळ्याचं कापड म्हणजे मलमल, हे खरंच. पण शिवायला ते सगळ्यांत अवघड. टेबलावर अंथरलं की सरकतं, कातर लावली की तिरकं होतं, मशीनवर घेतलं की सुई त्याला दातांच्या फटीत ओढून नेते. यावर घरचाच उपाय आहे: खळ. साबुदाण्याची किंवा तांदळाच्या पेजेची पातळ खळ करून, गाळून, कापड त्यात बुडवा, वाळवा आणि इस्त्री करा. मलमल कागदासारखी ताठ होते, खडूची रेघ नीट उठते, कापलेल्या कडा सुटत नाहीत. शिवून झाल्यावर एकदा धुतलं की खळ निघून जाते. फक्त खळ केलेलं कापड पावसाळी हवेत घडी घालून महिनाभर ठेवू नका, बुरशी धरते.

सुई 9 किंवा 11 नंबरची, नवी. 14 नंबरची नेहमीची सुई मलमलीत टाक्याटाक्याला भोक पाडते. टाका बारीक, दोन मिलिमीटरच्या आसपास. सुरुवात करताना कडेपासून अर्धा इंच आत सुई उतरवा, वरचा आणि खालचा दोन्ही दोरे मागे धरून ठेवा, आणि खाली वर्तमानपत्राची अरुंद पट्टी घाला. टीप मारून झाली की कागद टाक्यांवरून अलगद फाडून काढायचा. एवढं केलं तर मशीन कापड गिळत नाही.

मलमल पारदर्शक, त्यामुळे आतली माया बाहेरून दिसते. म्हणून फ्रेंच शिलाई. दोन्ही भाग उलट्या बाजू आत, सुलट्या बाहेर असे ठेवून दोन सुतांवर पहिली टीप मारा. माया एक सूत ठेवून बाकी कातरा. मग कापड उलटवून सुलट्या बाजू आत घ्या, शिलाई नखाने दाबून इस्त्री करा आणि पुन्हा दोन सुतांवर टीप. कापलेली कड दोन टिपांमध्ये बंद होते. एकूण अर्धा इंच माया लागते, ती कापतानाच धरा. मधे एखादा धागा सुलट्या बाजूने डोकावत असेल, तर पहिली कड पुरेशी कातरलेली नाही असं समजा. इंटरलॉक मारून आणलं तर काम झटकन होतं, पण पातळ मलमलीवर ती जाड दोऱ्याची रांग बाहेरून काळपट दिसते आणि आतून टोचते.

मलमल मऊ म्हणून तिला घेरही जास्त सोसतो. छातीला 8 ऐवजी 10 इंच दिलेत तरी ती अंगाजवळ पडून राहते. चुण्यांचा फ्रॉक करायचा तर मलमलीचाच करा. योक खांद्यापासून 12-13 इंचांवर, छातीच्या खाली, आणि खालचं कापड योकच्या गोलाईच्या दुप्पट. अगदी पातळ असेल तर अडीचपटही चालतं. चुण्यांसाठी मशीनचा टाका मोठ्यात मोठा करा, वरचा ताण सैल करा आणि दोन सुतांच्या अंतरावर दोन रांगा मारा. एक रांग शिलाईच्या आत पडेल, एक बाहेर. मग दोन्ही रांगांचे फक्त खालचे, बॉबिनचे दोरे एकत्र धरून ओढायचे. वरचा ओढला तर तुटतो. योक आणि घेर दोन्हीचे चार-चार भाग करून खुणा जुळवून टाचण्या लावा, आणि चुण्या त्या खुणांच्या मधे सारख्या पसरवा. जोडून झालं की बाहेर दिसणारी रांग उसवून टाका.

अस्तर लावायचं तर मलमलीचंच, गुडघ्यापर्यंत. गळ्याला आणि खांद्याला जोडा, खाली सुटं ठेवा. पांढऱ्या मलमलीखाली पांढरं अस्तर उठून दिसतं, आपल्या कातडीच्या रंगाच्या जवळचं कमी दिसतं. किंवा अस्तराचा नाद सोडा आणि शमीज वेगळी शिवा. चार फ्रॉकांना एक पुरते आणि धुवायलाही सोपी.

केंब्रिक, पॉपलिन, खादी

पहिल्यांदाच शिवत असाल तर केंब्रिक घ्या. ते सरकत नाही, फार उसवत नाही, चूक झाली तर टाके काढल्यावर भोकं राहत नाहीत. 14 नंबरची सुई, अडीच मिलिमीटरचा टाका, एवढं पुरे. वर दिलेला बेत जसाच्या तसा केंब्रिकला लागू. चुण्या दीडपट, दुप्पट दिल्या तर कंबरेचा बोंगा होतो. पॉपलिन जरा ताठ असतं, म्हणून छातीला 6 इंच सैलाई पुरते आणि चुण्यांऐवजी पाट्या घाला.

खादी हाताने कातलेली आणि हातमागावर विणलेली. तिचा धागा कुठे जाड कुठे पातळ, आणि ती मिलच्या कापडापेक्षा जास्त आटते, म्हणून दोनदा भिजवा. दुकानात कातरून दिलेल्या कापडाची कड सरळ असेलच असं नाही. एक आडवा धागा सुईने उचलून शेवटपर्यंत ओढून काढा, त्या रेषेवर कातरा, आणि मगच घडी घाला. हे टाळलं तर फ्रॉक धुतल्यावर बाजूच्या शिलाया फिरून पुढे येतात. खादी उसवते, तेव्हा माया पाऊण इंच. बाकी तिला फार सजवू नये असं माझं मत. लाकडी बटणं, दोन खिसे, बस.

लिनन

लिनन जवसाच्या खोडाच्या धाग्यापासून बनतं. ते अंगाला चिकटत नाही, घाम लवकर सोडतं, आणि चुरगळतं. चुरगळण्याचा राग येत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका, कारण त्यावर उपाय नाही. लिनन घालायचं ते सुरकुत्यांसकट.

ते ताठ असल्यामुळे घेर जास्त दिला तर अंगापासून उभं राहतं आणि बाई आहे त्याच्या दीडपट दिसते. छातीला 6 इंच सैलाई, खालच्या घेराला 14 ऐवजी साडेबारा. चालायला अडायला नको म्हणून बाजूला आठ-नऊ इंचांच्या चिरा ठेवा. चुण्या टाळा. गळ्याखाली मधोमध एक उलटी पाटी घातली, तर पुढे मोकळीक येते आणि वरून सपाट राहतं. लिननच्या कडा फार सुटतात. कापल्याबरोबर इंटरलॉक मारा किंवा माया एकावर एक दुमडून चपटी शिलाई घाला, पुरुषांच्या शर्टाच्या बगलेला असते तशी. खालची दुमड दीड इंचाची ठेवा, तिच्या वजनाने कपडा सरळ पडतो. इस्त्री ओलसर असतानाच. कोरड्या लिननवर कितीही गरम इस्त्री फिरवली तरी हात दुखण्यापलीकडे काही होत नाही.

रेयॉन

बाजारात तयार मिळणारे बहुतेक सैल फ्रॉक रेयॉनचे असतात. स्वस्त, मऊ, रंग खुलून दिसतात, आणि हाताला गार लागतं. त्याची खोड दोन ठिकाणी कळते: कापताना आणि खालची दुमड घालताना.

कापताना टेबलावर घेऊ नका. उरलेलं कापड टेबलाच्या कडेवरून लोंबलं की त्याच्या वजनाने वरचं ताणलं जातं आणि तुम्ही ताणलेलंच कापड कापता. जमिनीवर सुती चादर पसरा, तिच्यावर रेयॉन अंथरा. चादरीवर ते धरून राहतं. टाचण्या फक्त मायेच्या भागात लावा. आणि गळा कापल्या कापल्या, दुसरं काहीही करण्याआधी, कडेपासून एक सूत आत गळ्याभोवती एक टीप मारून घ्या. रेयॉनचा गळा नुसता उचलला तरी वाढतो. खांद्याच्या शिलाईत सुती फीत किंवा त्याच कापडाची उभ्या धाग्याची अरुंद पट्टी घाला, नाहीतर महिन्याभरात खांदे उतरतात.

शिवून झालं की फ्रॉक हँगरला लावून एक पूर्ण दिवस लटकत ठेवा. तिरक्या धाग्यावर पडलेले भाग खाली उतरतात आणि घेर वर-खाली होतो. मग घालून उभ्या राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी जमिनीवर पट्टी उभी धरून सगळीकडे सारख्या उंचीवर खडूने खुणा करायला सांगा. त्या रेषेवर कापून दोन सूत, दोन सूत अशी बारीक दुमड. रुंद दुमड रेयॉनवर वळते. इस्त्री मध्यम आणि उलट्या बाजूने, नाहीतर शिलाईच्या जागी चमक येते.

या कापडांशिवाय सिरसकर हे सुरकुतलेल्या पट्ट्यांचं सुती कापड मिळालं तर जरूर घ्या. विणतानाच काही उभे धागे सैल सोडलेले असतात, त्यामुळे ते अंगाला पूर्ण टेकतच नाही आणि इस्त्री लागत नाही. प्रवासाला उत्तम.

गळा आणि खिसे

कोणतंही कापड असो, गळ्याला रुंद पायपीन किंवा बकरमची पट्टी लावू नका. उन्हाळ्यात मान घामेजते आणि बकरम खरखरतं. त्याच कापडाची सव्वा इंच रुंद तिरकी पट्टी, क्रॉसपीस, कापा. गळ्याच्या सुलट्या बाजूवर ठेवून, पट्टी किंचित ताणत, दोन सुतांवर टीप मारा. मायेला अर्ध्या-अर्ध्या इंचावर कात्रे द्या, पण टिपेच्या एक धागा अलीकडे थांबा. पट्टी आत वळवा, कड दुमडा, आणि हाताने बारीक हेमिंग करा. पट्टी ताणली नाही तर गळा पुढे उभा राहतो, जास्त ताणली तर गोळा होतो. पहिल्यांदा करताना एखाद्या चिंधीवर गोल कापून करून बघा, अर्ध्या तासात हाताला कळतं.

खिसा हवाच, आणि तो शिंप्याला सांगितल्याशिवाय मिळत नाही. बाजूच्या शिलाईत, खांद्यापासून 21 इंचांवर सुरू होणारं साडेसहा इंचांचं तोंड ठेवा. पण हल्ली खिशात जातो मोबाईल, त्याचं वजन 200 ग्रॅमच्या आसपास, आणि मलमल किंवा रेयॉनचा फ्रॉक तेवढ्याने एका बाजूला लोंबतो. खिशाची पिशवी केंब्रिकची करा आणि तिचं वरचं टोक सुती फितीने आतून योकच्या शिलाईला टाचा, म्हणजे भार शिलाईवर येतो. योक नसेल तर पातळ कापडाला खिसा रुमालापुरताच.

जुन्या साडीतून

घरातल्या जुन्या सुती साड्या, मग त्या इरकल असोत, नारायणपेठी असोत की साध्या मिलच्या, या कामाला नव्या कापडापेक्षा बऱ्या. वर्षानुवर्षं धुतलेलं कापड आणखी आटत नाही, रंग सोडत नाही आणि अंगाला मऊ लागतं. आधी साडी खिडकीशी उजेडात धरून बघा. कंबरेला खोचतो तो भाग, बसायचा भाग आणि टाचेला घासणारा काठ इथे ती विरलेली असते. शंका वाटेल तिथे दोन अंगठ्यांमधे धरून ताणा. चर्र आवाज आला तर तो भाग सोडून द्या.

साडीचा पन्हा 45 इंचांच्या आसपास, आणि आपल्या फ्रॉकची उंची 44. म्हणजे साडी आडवी वापरायची: खालचा काठ फ्रॉकच्या घेराला येतो, तो विणलेलाच असल्यामुळे दुमडावा लागत नाही. मात्र काठ सरळ, त्यामुळे तिरपा घेर कापता येत नाही. इथे योक आणि चुण्यांचाच बेत घ्या. घेरासाठी 32 इंच खालून मोजून कापले, की वर 13 इंचांची लांब पट्टी उरते, तिच्यावर दुसरा काठ असतो. योक त्यातूनच निघतो. काठ छातीखाली आडवा घ्यायचा की बाहीच्या टोकाला, ते तुम्ही ठरवा. योकची खालची गोलाई 40 इंच धरली तर दुप्पट चुण्यांना 80 इंच, म्हणजे दोन मीटर साडी लागते. साडेपाच मीटर साडी धड असेल तर दोन फ्रॉक होतात, आणि पदराचा तुकडा उरतो.

विरलेल्या साडीला चुण्या घालताना टाका फार बारीक करू नका, सुईच्या भोकांनीच कापड रेषेत फाटतं. योकला आतून मलमलीचा दुसरा थर लावा, कारण सगळा भार तिथे येतो. जरीचा काठ असेल तर त्यावर इस्त्री थेट नको, वर ओला पंचा टाका. आणि उरलेल्या पदरातून सव्वा इंचाच्या तिरक्या पट्ट्या कापून, जोडून, पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवा. पुढच्या पाच-सहा गळ्यांची सोय होते.